‘उद्या’चं बटण

सोलापुरात घरी आलेल्या माणसाला तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. आधी चहा, मग ‘भाकरी खाऊनच जा’, आणि त्यानं स्वतःच्या हातानं काही करून आणलं असेल तर ‘लई भारी हाय की’. खरं काय ते तो जिना उतरून गेल्यावर. वैजयंतीचा जन्म इथला, तिला हे ठाऊक असायला हवं होतं. पण पुण्यात चार-सहा वर्षं नोकरी केली की माणूस शिकलेलं तेवढं धरून बसतो आणि मुरलेलं विसरतो. तिनं स्वतः बनवलेलं ॲप ओळखीच्या लोकांच्या फोनवर चढवलं आणि थोड्या दिवसांनी एकेकाच्या घरी विचारायला गेली, की काय आवडलं, कुठं अडलं, अजून काय हवंय. पोटभर चहा पिऊन ती परत आली. ॲप सगळ्यांनाच लई भारी वाटलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी ते उघडलंसुद्धा नव्हतं.

ॲप अगदी साधं होतं. नाव ‘लक्षात ठेव’. उघडायचं, टिपण करायचं, आठवण कधी करायची ते सांगायचं आणि विसरून जायचं. ना जाहिराती, ना रंगीत चित्रं. वेळ झाली की फोन वाजायचा, टिपण समोर यायचं आणि त्याखाली दोन बटणं दिसायची, ‘झालं’ आणि ‘उद्या’. ‘झालं’ दाबलं की टिपण पुसलं जायचं. ‘उद्या’ दाबलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते पुन्हा हजर. बहुतेकांचं टिपण एकच असायचं, नळाला पाणी कधी येणार ते.

नाव मात्र आईच्या तोंडचं होतं. मथुराबाई दिवसातून दहादा पुण्याला फोन करायच्या. ‘वैजू, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय, तू लक्षात ठेव. किल्ली डाळीच्या डब्यात ठिवलीया.’ थोड्या वेळानं पुन्हा फोन, की किल्ली कुटं ठिवली म्हनले हुते गं? वैजयंती मीटिंगमधून उठून बाहेर यायची, वैतागायची, सांगायची. मार्गशीर्षात साधा ताप आला आणि त्यातच मथुराबाई गेल्या. त्यानंतर फोन असा काही गप्प झाला, की तो हातात धरवेना. नोकरी सोडून ती सोलापूरला अण्णांजवळ येऊन राहिली आणि हे ॲप करायला घेतलं. लोकांना वाटलं, पोरगी धंद्यात पडली. फोननं पुन्हा काहीतरी विचारावं एवढ्यासाठी हे चाललंय, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

तिला काळजी होती ती अण्णांची. रामहरी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर त्यांनी सोलापूर स्टँडवरून गाड्या वेळेवर सोडल्या आणि स्वतः कधी घरातून वेळेवर निघाले नाहीत. लग्न असो, बाजार असो, दवाखाना असो, मथुराबाई साडी नेसून तयार झाल्या की हे आरशासमोर साबण फासून म्हणायचे, “तू हो पुढं, मी आलोच.” त्या पुढं व्हायच्या. गल्लीच्या कोपऱ्यावर, लिंबाखाली, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहायच्या. त्या कोपऱ्यावर कुत्री लोळत पडलेली असत, तीही त्यांच्या ओळखीची झाली होती. ह्यांच्या ‘आलोच’मध्ये दाढी, पेपर, शेजाऱ्याशी गप्पा, सगळं बसायचं. मेहुणीच्या लग्नात तर दोघं अक्षता पडून गेल्यावर पोचली. मथुराबाई रस्ताभर बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्याच.

त्या गेल्यापासून अण्णा अर्धी भाकरी खाऊन उठू लागले. दाढी वाढली. दिवसभर पलंगावर बसून दाराकडे बघायचे. डॉक्टरांनी सगळं तपासून रिपोर्ट उत्तम असल्याचं सांगितलं, म्हणजे औषध द्यायचीही सोय उरली नाही. रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी वैजयंती त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि त्यांची छाती वरखाली होताना दिसली, की मगच स्वयंपाकघरात जायची. आई गेली ती गेली, अण्णा राहायला हवेत, एवढंच तिचं मागणं होतं. आणि ह्या मागण्याला एक जुनी सल होती, ती दहाव्याच्या दिवसाची.

दहाव्याला करमाळ्याकडच्या त्यांच्या गावी, सीनेच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायला सुरुवात केली. मनात राहिलेल्या इच्छेचं नाव निघालं की कावळा येतो, म्हणून जो तो आठवून आठवून बोलत होता. वैजयंतीचा मोठा भाऊ अभिमन्यू बार्शीला मास्तर आहे, त्यानं गावच्या घराचं अर्धवट काम पुरं करायचा शब्द दिला. आत्यानं वैजूच्या लग्नाचं सांगितलं. वैजयंती मान खाली घालून म्हणाली, आई, मी नोकरी सोडते, अण्णांजवळ राहते, त्यांना सांभाळते. सगळ्यांना वाटलं, आता येईल. कावळ्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ते तिला फार लागलं. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा अण्णा उठले, पिंडापाशी वाकले आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. ते पुरते सरळ व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. सुटलो, असं सगळ्यांना झालं आणि जो तो भांडी गोळा करायला लागला. मग अण्णांनी मथुराबाईंचं लुगडं आणि चष्मा पाण्यात सोडला, आणि हट्टानं त्यांचा फोनही सोडला. अभिमन्यू निदान सिम तरी काढून घ्या म्हणत होता. त्या गडबडीत अण्णा काय पुटपुटले, ते विचारायचं राहूनच गेलं.

तर, लोक तोंडावर खरं बोलत नाहीत हे कळल्यावर वैजयंतीनं ॲपमध्ये एक सूचनापेटी घातली. वर एकच प्रश्न होता, ‘अजून काय हवंय?’ कुणाला नाव सांगायचा संकोच वाटत असेल, तर ‘पाहुणा’ म्हणूनही लिहिता येत होतं. तिच्याकडे फक्त सूचना यायची आणि कोणत्या बनावटीच्या फोनवरून आली तेवढं दिसायचं. दोन दिवस पेटी रिकामी राहिली. मग पहिली सूचना आली. ‘अक्षर मोठं करा. दिसत न्हाय.’ पाठवणारा पाहुणा होता. फोन स्वस्तातला, बाजारातून केव्हाच गेलेला, आईला तिनं पहिल्या पगारातून घेऊन दिला होता तसलाच. तसले फोन सोलापुरात ढिगानं आहेत.

तिला बरंच वाटलं. कुणीतरी खरं बोललं होतं. तिनं अक्षर मोठं केलं आणि सूचनेखाली उत्तर लिहिलं, ‘तुमची सूचना घेतली. आभार.’ साखर पेठेतल्या सावित्रम्मा, ज्या घरी टॉवेलांच्या कडा शिवतात आणि मराठी-तेलुगू एकाच दमात बोलतात, त्यांनी लगेच फोन करून सांगितलं की आता चष्म्याशिवाय दिसतंय. त्या कधी स्वतः सूचना करायच्या नाहीत, पण दुसऱ्याच्या सूचनेचा फायदा घ्यायला एका पायावर तयार असायच्या.

पाहुण्याची दुसरी सूचना आली, की लिहिता येत नाही, बोललेलं ठेवून घ्यावं. वैजयंतीनं तेही केलं. आता बटण धरून बोललं की टिपण तयार व्हायचं आणि वेळ झाली की यंत्राचा आवाज ते वाचून दाखवायचा. मग तिसरी आली. ‘यंत्राचा आवाज नको. माणसाचाच ऐकू द्यावा.’ हे तर तिला आधीच सुचायला हवं होतं. ज्याचा आवाज त्याच आवाजात आठवण ऐकू येऊ लागली, आणि लोक ॲप खरोखरच वापरू लागले. त्यांच्या गल्लीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान चालवणारे गुरुशांतप्पा स्वतःलाच दम भरून ठेवायचे आणि दुपारी तो दम गिऱ्हाइकांना ऐकवायचे. ‘अजून काय हवंय?’ ह्या प्रश्नाला उत्तर देणारं एक माणूस मिळालं की काम कसं पुढं सरकतं, ह्याचा वैजयंतीला अभिमान वाटू लागला. पाहुण्याच्या सूचनेची ती वाट बघू लागली.

चौथी सूचना तिला सगळ्यात आवडली. ‘घड्याळ कळत न्हाय. दिवेलागणीला आठवण करावी.’ तिनं वेळेच्या रकान्यात ‘सकाळ’, ‘दुपार’ यांच्या शेजारी ‘दिवेलागण’ घातलं. सूर्य मावळायची वेळ रोज थोडी सरकते, ॲप आपलं आपण तेवढं सरकत जाई. हे काम तिनं इतक्या मन लावून केलं, की ते संपल्यावर तिला उगाचच रडू आलं. आई रोज त्या वेळेला फोन करायची, दिवा लावून झाला की.

आणि त्याच सुमाराला अण्णा बदलले. एका संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. ते उठून व्हरांड्यात गेले, फोन कानाला लावला, ऐकलं, एक बटण दाबलं आणि आत येऊन म्हणाले, जेवायला वाढ. पूर्ण भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दाढी केली. नंतर गुरुशांतप्पांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. रोज दिवेलागणीला फोन वाजायचा, रोज ते व्हरांड्यात जायचे. वैजयंतीला वाटलं, देवापुढं दिवा लावायची आठवण लावली असणार. लोकांची टिपणं आपण उघडून बघायची नाहीत हा नियम तिनं स्वतःच केला होता, तो ती अण्णांच्या बाबतीतही पाळायची. एकदा भाकरी थापताना तिला व्हरांड्यातून बाईमाणसाचा दबका आवाज ऐकू आला. ती हात धुऊन बाहेर आली, तोवर अण्णा फोन खिशात टाकत होते. शेजारी टीव्ही चालू होता. टीव्हीच असेल, असं म्हणून ती पुन्हा तव्याकडे गेली, पण ती भाकरी करपली.

पाचवी सूचना तीनच शब्दांची होती. ‘उद्याचं बटन काढा.’

तिनं ती वाचली आणि विचार केला. पाहुण्याचं आजवर एकदाही चुकलं नव्हतं. शिवाय तिच्याकडचा हिशेबही तेच सांगत होता, की ॲपमध्ये सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण ‘उद्या’ हेच आहे. सावित्रम्मा साखर तपासायला जायचं रोज पुढं ढकलत होत्या, तसं त्यांनीच हसत सांगितलं होतं. गुरुशांतप्पांचा डोळ्यांचा डॉक्टर उद्यावर उद्या करत कधीचा ताटकळला होता. लक्षात ठेवून टाळायचंच असेल, तर लक्षात ठेवायचं कशाला? टाळायला जागाच ठेवू नये, हे तिला इतकं पटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही ह्याचा राग आला. तिनं बटण काढलं. टिपणाखाली आता एकटं ‘झालं’ उरलं. नवी आवृत्ती सोडली, बदलाचा निरोप सगळ्यांच्या फोनवर धाडला आणि पाहुण्याला नेहमीचं उत्तर लिहिलं. घरातल्या वाय-फायवर अण्णांचा फोन रातोरात आपोआप नवा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून ती साखर पेठेत सावित्रम्मांकडे गेली. सावित्रम्मा खुशीत होत्या. बटन गेला ते चांगला झाला म्हणाल्या. सकाळी फोन वाजला, दाबायला दुसरं काही नाही, मग उठून रक्त देऊन आल्या. वैजयंतीला आपल्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटलं. रिक्षानं परत येताना उन्हाचा ताव उतरला होता, रस्त्यावर माणसं दिसायला लागली होती. शेंगाचटणी घ्यायची म्हणून ती गुरुशांतप्पांच्या दुकानापाशी उतरली.

गुरुशांतप्पांनी पुडी बांधता बांधता सहज विचारलं, अण्णा कुठं गावाला निघालेत का? तिनं नाही म्हटलं. मग त्यांचा हात थांबला. सकाळी अण्णा येऊन गेले होते. गेल्या पावसाळ्यात नेलेली छत्री त्यांनी परत आणून दिली. मागच्या गल्लीतल्या शिवपुत्रचा सायकलला हवा मारायचा पंपसुद्धा देऊन आलो म्हणाले. दुकानात बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

“मी म्हटलं, उद्या बसू की मग निवांत,” गुरुशांतप्पा म्हणाले. “तर हसले. म्हनले, उद्या आता न्हाय, गुरुशांत. पोरीनं काढून टाकलं ते. बरं केलं.”

वैजयंतीला पुडीचं भान राहिलं नाही. तिथंच पायरीवर उभी राहून तिनं सूचनापेटी उघडली आणि पाहुण्याच्या पाचही सूचना पहिल्यापासून वाचल्या. दिसत नाही. लिहिता येत नाही. घड्याळ कळत नाही. आईचा चष्मा सीनेत सोडला होता. आई जुळवून जुळवून वाचायची, पण लिहायला कधी शिकली नव्हती. आईच्या मनगटावर कधी घड्याळ नव्हतं, ती उन्हावरून वेळ सांगायची. आणि तो फोन. ती धावत सुटली. घर जवळच होतं. ते अंतर ती कशी आली, हे तिला नंतर आठवेना.

दार उघडं होतं. अण्णा दाराकडे तोंड करून पलंगावर बसले होते. अंघोळ झालेली, दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मांडीवर फोन. आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेच्या आधी तयार झाले होते. दाराबाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं.

तिनं विचारलं, की कुठं निघालात? ते म्हणाले, बस. आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, एखाद्या गाडीचा मार्ग सांगावा तसं, न चुकता आणि न थांबता. दहाव्याला सगळे आपापल्या परीनं शब्द देत होते आणि कावळा येत नव्हता. ऊन तर असं लागत होतं. त्यांना दिसलं, की ही कुठंतरी कोपऱ्यावर डोक्यावरून पदर घेऊन उभी असणार आणि मागं वळून बघत असणार.

“मग मी म्हनलो,” अण्णा म्हणाले, “तू हो पुढं, मी आलोच.”

 वैजयंतीला तो बाभळीवरून झेपावलेला कावळा दिसला.

“सवयीनं आलं गं तोंडातनं. पन शब्द तो शब्दच की. तुझं ते दिवेलागनीचं झालं, आन् फोनमदी तिचं बोलनं आलं. ‘आलोच म्हनला न्हवं? कुटं हाय तुमी?’ मला वाटलं तूच कुटनं जुना आवाज हुडकून घातलास. मग कळलं, तसं न्हाय. मी आपलं ‘उद्या’ दाबत गेलो. तिला फसवायची सवयच हाय मला. रोज फसवलं. पन लई बरं वाटायचं, रोज हाक ऐकू यायची.” त्यांनी फोनकडे बघितलं. “आता बटनच न्हाय. ‘झालं’ म्हनायचं तर जायलाच पायजे.”

बाहेरचा उजेड आणखी खाली आला. वैजयंतीनं लॅपटॉप उघडला. ॲपच्या ऑनलाइन दुकानातून नवी आवृत्ती लोकांपर्यंत जायला वेळ लागतो, पण स्वतः बनवणारीला वायर जोडून एका फोनवर चढवता येतं. घाईत साधी चार अक्षरं तीनदा चुकली. काढताना त्या बटणाला एक फुंकर पुरली होती. परत घालताना कुठून काय तुटलंय ते सापडेना. अण्णांनी फोन मुकाट्यानं तिच्या हातात दिला आणि ती काय करते ते बघत राहिले, स्टँडवर गाडी लागायची वाट बघणाऱ्या उतारूसारखे. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. देवळात घंटा सुरू झाली. शेजारच्या बाईनं देवापुढं दिवा लावला असणार, उदबत्तीचा वास आला. पट्टी भरली, तिनं वायर ओढून काढली आणि फोन अण्णांच्या मांडीवर ठेवला, आणि तो वाजला.

आवाज आईचाच होता. जुनी ध्वनिफीत वाटावी असा खरखरीत नाही, पुण्याला फोन यायचा तेव्हासारखा, जवळचा, थोडा दमलेला. आलोच म्हनला न्हवं? कुटं हाय तुमी? खाली दोन बटणं होती. वैजयंतीला वाटलं, झालं, सुटलो. पण अण्णांचं बोट उचललं गेलं नाही.

“किती दिस फसवू गं?” ते म्हणाले. “लई येळ हुबी हाय ती.”

ती त्यांच्या पायाशी बसली. एवढ्या महिन्यांत ती कुणाहीपुढं रडली नव्हती, आता तिला रडू आवरेना. ती म्हणाली, “अण्णा, तिथं मीपण शब्द दिला होता. तुम्हाला सांभाळते म्हणाले होते. तिनं तो ऐकला नाही, कावळा आला नाही. पण मी दिला होता. मला तो पाळायचाय. मला दुसरं कोण आहे?”

आवाज पुन्हा आला, तोच प्रश्न, आणि ह्या खेपेला तो फोनमधून आला की उघड्या दारातून, हे तिला सांगता आलं नसतं. अण्णांनी दाराकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. बराच वेळ त्यांचा अंगठा दोन्ही बटणांवर अधांतरी राहिला. मग त्यांनी ‘उद्या’ दाबलं. फोन गप्प झाला.

वैजयंतीनं डोळे पुसले आणि तसंच बसल्या जागी सूचनापेटी उघडली. पाहुण्याच्या पाचव्या सूचनेखाली तिचे आभार होते. ते तिनं पुसले आणि त्या जागी लिहिलं, ‘ही सूचना घेता येणार नाही.’ पाहुण्याला तिनं दिलेला हा पहिला नकार. पाठवताना तिला अपराध्यासारखं वाटलं, लहानपणी आईला उलट बोलल्यावर वाटायचं तसं. उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. आजवर पाहुण्यानं तिच्या आभारांना कधी उत्तर दिलं नव्हतं. पण अण्णा टोपी काढून खुंटीला अडकवतायत तोवर पेटीत एक ओळ येऊन पडली.

‘बरं. हुबी हाय मी.’

तिनं ती दोनदा वाचली. अण्णांनी विचारलं, काय म्हनती?

“थांबते म्हणाली.”

“थांबंल की,” अण्णा म्हणाले. “तिला सवय हाय.” आणि त्यांनी चहा टाकायला सांगितला.

आधण ठेवायला ती उठली, तेव्हा दार लावायला म्हणून उंबऱ्यापर्यंत गेली. गल्लीतले दिवे नुकतेच लागले होते. कोपऱ्यावर लिंबाखाली नेहमीची कुत्री पसरली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती एकेक करून उठली, झाडाच्या बुंध्यापाशी एका माणसापुरती जागा रिकामी करून बाजूला सरकली आणि त्या जागेकडे तोंड करून शेपट्या हलवत पुन्हा बसली. वैजयंतीनं दार लावलं नाही. ते नुसतं लोटून ती आत गेली आणि चहात आलं किसून घातलं, अण्णांना आवडतं तेवढं.